चाळीस किलोंचा मूस

पास्कू, मूसचं वजन मी चाळीस किलो धरलं होतं.

घे, लिहून दिलं. इतकी वर्षं ही गोष्ट तू सांगायचास आणि मी शेजारी बसून ‘असं काही नव्हतं’ म्हणायचो. आता तू नाहीस आणि गोष्ट माझ्याच गळ्यात पडली आहे. तू सुरुवात जिथून करायचास तिथूनच मीही केली, म्हणजे निदान वरून खाकरणार तरी नाहीस.

मूस म्हणजे कॅनडातलं हरीण. मला नडला तो ‘हरीण’ हा शब्द. हरीण म्हटल्यावर माझ्यासारख्या गिरगावात वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर जे येतं ते गजाआडून शेंगदाणे मागणारं, ओल्या डोळ्यांचं, भायंदरच्या खाटकाकडे टांगलेल्या बोकडाहून थोडंसं थोराड. बोकड वीसेक किलो, तर थंड देशातलं हरीण चाळीस. तेही मी हात सैल सोडून धरलं होतं. जन्मभर हिशेबखात्यात काढलेला माणूस मी. अंदाज कसा बांधायचा ते मला कोण शिकवणार?

तू माल उतरवण्याच्या खात्यात, मी हिशेबात, दोघं एकाच शिपिंग एजंटच्या फोर्टातल्या ऑफिसात. मीरा रोडला फ्लॅट घे म्हणून माझ्या मागे लागलास तो तूच. “खाडीचा वारा हाय, आणि रविवारी माझ्या गावाला, डोंगरीला यायला बस हाय.” वारा खरंच आला, पाणी टँकरने आलं. माझी बायको सुधा पहिलं वर्षभर हंडा खाली ठेवताना न चुकता विचारायची, “तुमचे पास्कलभाऊजी वाऱ्यावर आंघोळ करतात का हो?” पण रविवारची बस काही मी चुकवली नाही.

मग एका नाताळला बस्त्यावचा फोटो आला. तुझा थोरला भाऊ, जहाजावर वेल्डर म्हणून गेला तो कॅनडाच्या पार उत्तरेला एका गावात कायमचा राहिलेला. फोटोत तो गुडघ्यावर बसला होता आणि त्याच्या मागे शिंगं होती. नुसती शिंगं. जनावर फोटोत मावलं नव्हतं. आता कळतं की ती मला सूचना होती. मागच्या बाजूला त्याने लिहिलं होतं, पास्कू, ये, मी इथला रहिवासी, मी बरोबर असलो की वाटाड्या घ्यावा लागत नाही, आपलं आपण जायचं, आपलं आपण यायचं.

तू तो फोटो पडवीत मला दाखवलास आणि अंगठ्याने शिंगं पुसत राहिलास. मग म्हणालास, “बाबा मना कवाच नेत नव्हता रं.”

शिकारीवर बंदी यायच्या आधीची गोष्ट. तुझे बाबा लायसन्सची बंदूक घेऊन चेण्याच्या डोंगरात रानडुकराला जायचे. बस्त्यावला न्यायचे, तुला नाही, कारण तू शिंकायचास. गवत, धूळ, परागकण, चुलीचा धूर, प्रार्थनेची उदबत्ती, तुझ्या नाकाला काहीही चालायचं. “पास्क्या शिंकतो, पास्क्या घरी.” तू पडवीत बसून वाट बघायचास. ते परतले की मांसाचे वाटे पडायचे, पानावर पान मांडून, घरटी एक वाटा, ज्या घरात पुरुष नाही तिथला आधी. मांडामांड तुझ्याकडे. वाटे तू केलेस, शिकार कधी केली नाहीस. आणि आता पन्नाशीला टेकल्यावर भाऊ म्हणत होता, ये.

“जायचं,” तू म्हणालास. “बजेट कर.”

जगात माणसाला कशाची हाक येईल सांगता येत नाही. मला बजेटची आली.

तुझ्या घरी फिलूवहिनी लग्नाचे फ्रॉक शिवायच्या. त्यांच्या मशीनच्या खणातून तू शिवणाचा खडू ढापलास आणि मी पडवीच्या लाल कोब्यावर ओणवा होऊन खाती पाडली. विमानाचं तिकीट, परवाना, भाड्याची बंदूक, तंबू, बूट, लोकरी मोजे, तळ्यावर उतरणारं छोटं विमान. ते विमान माणसांना रानातल्या तळ्याकाठी सोडून जातं, ठरल्या दिवशी न्यायला येतं आणि पैसे फेरीवर घेतं. ताडपत्री तुमच्या होडीवरची, म्हणजे फुकट. अस्वल मी ‘किरकोळ’मध्ये टाकलं.

“अस्वल किरकोळ?” वहिनी दारातून म्हणाल्या.

“वहिनी, त्याला वेगळं खातं नाही.”

“त्याला सांगा तसं. आणि माझा खडू परत द्या.”

शनिवारी वहिनी पडवी धुवायच्या. त्यामुळे दर रविवारी कोबा कोरा, आणि आपण पुन्हा पहिल्या ओळीपासून. ऑफिसात कुणी माझं टाचण पुसलं असतं तर मी युनियनकडे गेलो असतो. इथे मला त्याचं सुखच वाटायचं. डॉलर चढला, नवा भाव घालायचा. भायंदरला मोज्यांची चौकशी केली, नवा आकडा. वहिनींच्या मते सोबत सुके बोंबील न्यायला हवे होते. बस्त्यावने कळवलं की वासाने अस्वलं येतील. वहिनींनी कळवलं की येऊ देत, किरकोळच आहेत.

मांसाचं खातं मात्र मी एकदा जे लिहिलं ते दर रविवारी जसंच्या तसं उतरवत गेलो. मूस एक, किलो चाळीस, विमानफेरी एक. तू माल उतरवणाऱ्या खात्यातला, तुला शंका यायला हवी होती. पण तू मूस बघितला नव्हतास आणि मला हिशेबातलं कळतं असा तुझा समज होता. आपल्या मैत्रीचा पाया तोच.

मग तुझ्या डोक्यात आलं की तालीम करायची. वाटाड्या नसणार, ओझं आपणच वाहायचं, चाळीस भागिले दोन, वीस-वीस किलो. वजन म्हणून तू मिठागरातून दोन गोण्या मीठ आणलंस. कातड्याला लावायला तसंही लागतंच, तू म्हणालास, सराव होईल. ऑक्टोबरातल्या उन्हात पाठीवर मीठ घेऊन चेण्याच्या डोंगरात चालणं म्हणजे काय ते लोणच्याच्या फोडीला विचारावं. नकाशा माझ्याकडे होता. मी आत्मविश्वासाने डावीकडे नेलं, मग आत्मविश्वासाने आणखी डावीकडे. ऐनाचं एकच वाकडं झाड आपल्याला तीनदा भेटलं. तिसऱ्यांदा तू त्याला “काय, बरं हाय ना?” असं विचारलंस.

शेवटी गोण्या तिथेच टाकून आपण आवाजाच्या दिशेने उतरलो आणि घोडबंदर रोडला लागलो. तबेल्याला वैरण नेणाऱ्या टेम्पोने आपल्याला मागे गवतावर बसवलं. तू जो शिंकायला लागलास तो काशिमीरा येईपर्यंत. ड्रायव्हरने दोनदा गाडी थांबवून टायर बघितले. आणि दोन शिंकांच्या मधल्या जागेत तू मला कायमचं नाव ठेवलंस.

“वाटाड्या! अरे, वाटाड्या लागत न्हाय म्हणून आपलं बजेट कमी. पण तू बरोबर असलास तर लागंल!”

त्या दिवसापासून डोंगरीत मला माझ्या नावाने कुणी हाक मारली नाही. ते मीठ अजून डोंगरात असेल. तिथली जनावरं चाटून आपल्याला दुवा देत असतील, असं मी सुधाला सांगितलं. सुधा म्हणाली, मीठ किलोला काय भाव पडलं?

आकडे जुळत आले तेव्हा बस्त्यावला फोन करायचं ठरलं. भायंदरच्या बूथमध्ये आपण दोघं कसेबसे मावलो, रिसीव्हर तुझ्या कानाला, माझं लक्ष लाल आकड्यांच्या मीटरवर. तू खणखणीत आवाजात म्हणालास, “बस्त्याव, समदं बसवलंय. विमानाची एक फेरी.”

तिकडून काहीतरी.

“चाळीस किलो धरलंय.”

मीटर पळत होतं. मग रिसीव्हरमधून जो आवाज आला तो बाहेरच्या रांगेलाही ऐकू गेला.

“चाळीस? अरं, चाळीस तर त्याची मुंडी भरते! पाचशे किलोचं जनावर हाय त्ये! हिशेब कुणी केला?”

तू माझ्याकडे बघितलंस. तुझ्या डोळ्यांत राग नव्हता, पास्कू. आपल्याला जन्मभर पुरेल असं काहीतरी हाती लागल्याचा आनंद होता. मग बस्त्याव हसायला लागला. तो हसला, तू हसलास, आणि मीटर दोघांचं हसणं मोजत राहिलं. आपल्या कंपनीने कॅनडाहून पुष्कळ काही आयात केलं, पण पूर्ण दराने हसणं आयात करणारा मी पहिलाच.

बूथवाल्याने काच ठोठावली. “अंकल, कोई गुजर गया क्या?”

“नहीं,” तू डोळे पुसत म्हणालास. “वजन बढ़ गया.”

पुढे बस्त्यावने सांगितलं ते मी विसरलेलो नाही. तिकडे खाण्याजोगं मांस रानात टाकून येता येत नाही, सगळं बाहेर आणावं लागतं, नाहीतर दंड. तू लगेच म्हणालास, “बरोबर हाय. वाटा कुणी टाकतो काय?” म्हणजे विमानाच्या चार-पाच फेऱ्या. आपलं सहा वर्षांचं बजेट तिथल्या तिथे, बूथमध्ये, उताणं पडलं.

आणि रांगेत डोंगरीची एक मावशी उभी होती. परतीच्या बसमध्ये तिने सगळ्या बसला ऐकू जाईल असं विचारलं, “पास्कू, पाचशे किलोचा वाटा घरटी किती यील रं?” झालं. तुझं जाणं तेव्हापासून गावाचं झालं. तू चर्चमधून बाहेर पडलास की लोक ‘कसा आहेस’च्या आधी ‘कवा जातोस’ विचारायला लागले. तू हसून उत्तर द्यायचास, पण बसथांब्यावर मला म्हणालास, “मध्या, मला आता नुसता आकडा नको. एकदा बस्त्यावच्या बाजूला बसायचंय. बाबाच्या जागी बस्त्याव, बस्त्यावच्या जागी मी. तेवढंच.” मी मान हलवली.

विमानाच्या वाढीव फेऱ्यांचे पैसे अखेर बस्त्यावनेच द्यायचं ठरवलं. फोनवर त्याने विचारलं, दोघं येताय ना? तू म्हणालास, हो तर, दोघांचंच बजेट केलंय. मग आपण कोब्यावर वाकलो. बूट दोन जोड. मोजे दुप्पट. झोपायच्या पिशव्या दोन. तिकीट एक.

मी पुन्हा वाचलं. दर रविवारी मी तिकीट एकच लिहीत आलो होतो.

“मध्या,” तू म्हणालास, “तू काय मिठाच्या गोणीत येणार व्हतास?”

खडूची चूक, मी म्हणालो. सुधाचं मत वेगळं पडलं. ती म्हणाली, या माणसाला माथेरानला सर्दी होते, देवाने खडूला बुद्धी दिली. तसा मी मनातून सुटलोच होतो. रानात मला वाटाड्या म्हणून हाक मारली असतीस आणि मी ओ दिली असती, तर आपण तिघंही आजवर तिथेच फिरत असतो. तू माझी माकडटोपी घालून विमानतळाच्या दारातून आत गेलास. मागे वळलास आणि ओरडलास, “चाळीस किलो आणतो!” पोलिसाने तुझी बॅग उघडायला लावली.

तू परत आलास, आणि पहिल्या रविवारी जे सांगितलंस ते मी आज इथे माझ्या शब्दांत सांगतोय. यात मीठ माझं असेल तेवढं वजा कर.

तळ्याकाठी दिवसेंदिवस काही दिसलं नाही. तुम्ही दोघं भाऊ एका ताडपत्रीखाली, डोंगरीच्या ताडपत्रीखाली, बसून राहिलात. बस्त्याव लहानपणचं बोलत होता, बाबांचं, चेण्याचं. मग एका संध्याकाळी समोरच्या काठावरून तो पाण्यात उतरला. तू म्हणालास, “टेम्पोएवढा, मध्या. वैरणीचा टेम्पो.” शिंगांतून पाणी गळत होतं, तोंडात शेवाळ होतं, आणि तबेल्यातल्या म्हशीसारखा तो निवांत चघळत होता. बस्त्यावने न बोलता बंदूक तुझ्याकडे सरकवली.

आणि तू शिंकलास.

एकदा नाही. वैरणीच्या टेम्पोतल्यासारखा. मूसने मान वळवून बघितलं, घाई न करता पाण्याबाहेर पडला आणि झाडीत गेला. बस्त्याव ताडपत्रीवर आडवा पडला आणि पोट धरून ओरडला, “पास्क्या शिंकतो! पास्क्या घरी!” तू मला हे सांगताना हसत होतास आणि मधेच नाक पुसत होतास, ते कशासाठी ते मी विचारलं नाही.

पण पास्कू, एक विचारायचं राहिलंच. ती शिंक खरी होती का रे? तिकडे गारठ्यात ना धूळ, ना गवताचा भुसा, ना उदबत्ती. मी रविवारी बसने निघायचो तेव्हा ठरवायचो की आज विचारायचं. तुझ्या पडवीत पाय ठेवला की तू “आला वाटाड्या” म्हणायचास आणि माझा प्रश्न वाट चुकायचा. तू म्हणाला असतास, शिंक काय कुणाला विचारून येते? ते मला माहीतच आहे. पण तू ते कुठे बघत म्हणाला असतास, तेवढं बघायचं होतं.

त्याऐवजी आपण वाद घातला तो दुसराच, आणि तो मिटला नाही. माझं म्हणणं अजूनही तेच आहे. बस्त्यावचा अंदाज पाचशे, माझा चाळीस, प्रत्यक्षात आणलंस शून्य. शून्याच्या जवळ कोण? हिशेबखात्यातला कुणीही सांगेल. तू दर वेळी म्हणायचास, “मूसच्या जवळ कोण ते सांग.” दोन वर्षं आपण यावर भांडलो आणि माझी अशी समजूत आहे की दोघांनाही ते मिटायला नको होतं.

गावाला मात्र शून्याचा वाटा घालता येत नव्हता. तू परतलास त्या आठवड्यात डोंगरीत घरटी एक वाटा गेला, पानात बांधलेला, पुरुष नसलेल्या घरी आधी. विचारणाऱ्याला तू तोंडावर सांगत होतास, “कॅनडाचा न्हाय, भायंदरचा डुक्कर हाय. पण वाटा तो वाटा.” लोकांनी तो हसत घेतला. मला ऑफिसमुळे यायला जमलं नाही, म्हणून माझा वाटा तू स्वतः फोर्टात घेऊन आलास आणि माझ्या फायलींच्या पिशवीत सरकवलास. आमच्या जिन्यात शेजारच्या शहाबेनने नाकाला पदर लावला. “मधुभाई, बॅग में क्या है?” मी म्हणालो, ऑफिसचे जुने कागद आहेत, कॅनडाचे. सुधाने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि मी गच्चीवर स्टोव्ह नेला. जळकं, अळणी, अर्धं कच्चं. सगळं मीठ चेण्यात पडलेलं ना. इतकं चविष्ट मी पुन्हा काही खाल्लं नाही.

तुला मातीत ठेवून आठवडा होईल. बस्त्यावचा फोन आला होता, या खेपेला तो हसला नाही. मीटर त्याच्या बाजूचं होतं, तरी फोन मीच आधी ठेवला.

काल रविवार. पाय सवयीने बसकडे गेले. पडवी धुतलेली होती. तुझी खुर्ची आत नेली होती, कोबा नेहमीसारखाच कोरा, आणि मशीनवर खडू उघड्यावरच ठेवलेला. मी आल्याचं बघून वहिनींनी चहा टाकला. आम्ही तुझ्याबद्दल बोललो आणि बोलता बोलता हसायलाच लागलो. तुझ्या घरी दुसरं काही जमतच नाही. ते वाटे आठवले. त्या सहज म्हणाल्या, “त्या दिवशी मीच गेलेली ना संगती खाटकाकडं. चाळीस किलो घेतलं.”

माझ्या हातातला चहा बशीतून कोब्यावर सांडला.

“चाळीस? बरोबर चाळीस?”

“हां. चाळीस.”

मी उठूनच उभा राहिलो, पास्कू. दोन वर्षं तू तोंडाने कबूल केलं नाहीस, पण वजनाने केलं होतंस! गावासाठी तू मूस आणलास तो माझ्या बजेटमधला, किलोला किलो! मी म्हणालो, “वहिनी, म्हणजे शेवटी त्याने मानलं. माझा चाळीसचा आकडा त्याने धरला.”

वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मग कोब्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

“आकडा कसला, वाटाड्या? खाटकाकडं त्या दिवशी तेवढंच उरलेलं. आणि तो चहा पुसा, मी कालच पडवी धुतली हाय.”